उपचारात हलगर्जीपणा झाला, जनावर गेलं : नुकसानभरपाई मागायची ती कशी

आमची गाय व्यायली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेचना. अंग गार, मान पोटाकडे वळलेली. बोलावलेल्या माणसाने पाहताक्षणी दुग्धज्वर (व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटल्याने होणारा आजार) आहे म्हणून सांगितलं, आणि ते बरोबरच असावं. त्याने कॅल्शियमची बाटली गोठ्याच्या वाशाला टांगली, मानेच्या शिरेत सुई घातली, नळीची कळ पूर्ण सोडली आणि तो हात धुवायला गेला. बाटलीत बुडबुडे भराभर वर चढत होते, ते मला अजून दिसतात. बाटली निम्मी व्हायच्या आत गाय थरथरली, एकदा हंबरली आणि पाय ताणून आडवी झाली. कॅल्शियम शिरेतून द्यायचं ते सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. भरकन गेलं तर हृदय बंद पडू शकतं, हे मला नंतर कळलं.

त्याच संध्याकाळी आम्ही तिला पुरलं. दोन महिन्यांनी वकिलांकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शवविच्छेदनाचा अहवाल आहे?" नव्हता. औषधाची चिठ्ठी नव्हती, पैसे रोख दिलेले, पावती नाही. सुई टोचणारा नोंदणीकृत डॉक्टर होता की नाही, हेही आम्ही कधी विचारलं नव्हतं. प्रकरण तिथेच संपलं.

त्यानंतर ओळखीच्या काही जणांचे कागद मी शेजारी बसून लावून दिले. कुणाची गाय, कुणाची म्हैस, दोघांचे कुत्रे, एकीची मांजर. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. भरपाई मिळणार की नाही, हे बरंचसं पहिल्या दोन दिवसांतच ठरतं. म्हणून या लेखात त्या दोन दिवसांवर जास्त लिहिलं आहे. लेखातले नियम भारतातले आहेत.

आधी एवढं समजून घ्या

कायद्याच्या नजरेत जनावर ही मालकाची जंगम मालमत्ता आहे. ऐकायला कठोर वाटतं, पण भरपाई मागायचा हक्क त्यामुळेच मालकाकडे येतो. पैसे देऊन घेतलेले उपचार ही "सेवा" ठरते, आणि सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ग्राहक आयोगात तक्रार करता येते. माणसांच्या डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवलं. पशुवैद्यकाविरुद्धच्या तक्रारीतही त्याच निकालाचा आधार घेतला जातो.

जनावर दगावलं म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं मात्र नाही. हे मनावर दगड ठेवून स्वीकारावं लागतं. या बाबतीतली कसोटी १९५७ च्या बोलम या इंग्लंडमधल्या खटल्यातून आली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात ती स्वीकारली. त्याच परिस्थितीत साधारण कौशल्याचा, काळजी घेणारा डॉक्टर जे करेल, ते या डॉक्टरने केलं का? दोन उपचारपद्धती मान्य असतील आणि डॉक्टरने त्यातली एक निवडली, ती लागू पडली नाही, तर तो दोष ठरत नाही. अंदाज चुकला, हाही नाही.

मग दोष कशात दिसतो? मांजरीला पॅरासिटामॉल देणं. ते मांजरींना विषासारखं आहे आणि कुठल्याही पशुवैद्यकाला ते माहीत असायला हवं. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनचं गोचीडनाशक मांजरीला लावणं. शस्त्रक्रियेनंतर पोटात कापसाचा बोळा राहणं. भूल देताना वजनच न करणं, नंतर जनावर शुद्धीवर येईपर्यंत जवळ कुणीही नसणं. गाभण आहे की नाही हे न तपासता कृत्रिम रेतन करून गाभ पाडणं. नळीने किंवा बाटलीने औषध पाजताना ते फुप्फुसात जाणं आणि ठसका लागूनही पाजत राहणं. अशा चुकांत युक्तिवादाला फारशी जागा उरत नाही. पोटात बोळा सापडला तर वस्तुस्थितीच बोलते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या खटल्यात सांगितलं आहे.

पहिली पायरी : जनावर जिवंत असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे न्या

पुरावा नंतर, जीव आधी. दुसऱ्या डॉक्टरला पहिल्याविषयी काही सांगू नका, निदान सुरुवातीला तरी नाही. फक्त काय झालं, कधी झालं, कोणतं औषध गेलं ते सांगा. रिकाम्या बाटल्या, व्हायल, सुया, औषधाच्या पट्ट्या कचऱ्यात टाकू नका. व्हायलवर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. सगळं एका पिशवीत बांधून वर तारीख लिहा. पहिल्या तपासणीतच दुसऱ्या डॉक्टरला काय आढळलं ते केसपेपरवर लिहून मागा. "टाक्यांतून पू, ताप १०५" अशी एक ओळ पुढे दहा पानांच्या तक्रारीपेक्षा जास्त उपयोगी पडते. रक्ततपासणी, सोनोग्राफी, एक्स-रे जे होईल त्याची प्रत आणि बिल घ्या. हाच खर्च पुढे भरपाईत येतो.

दुसरी पायरी : जनावर गेलं असेल तर पुरायची घाई करू नका

इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो. घरात रडारड असते, लहान मुलं असतात, उन्हाळ्याचे दिवस असले तर शव फुगायला लागतं आणि सगळे म्हणतात, लवकर उरका. पण शवविच्छेदन झाल्याशिवाय मृत्यूचं कारण सिद्ध करणं फार अवघड होऊन बसतं.

मोठं जनावर असेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. पशुधन विकास अधिकारी येऊन शवविच्छेदन करतात. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच हातून ते होऊ देऊ नका. दुसरा अधिकारी मागा आणि तो अर्ज लेखी द्या. कुत्रं किंवा मांजर असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागाकडे नेता येतं. महाराष्ट्रात परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर, अकोला इथे अशी महाविद्यालयं किंवा संस्था आहेत.

तिथे पोचेपर्यंत शव थंड ठेवा, पण गोठवू नका. फ्रीजरमध्ये ठेवलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही नीट दिसत नाही. बर्फाच्या पिशव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शवाभोवती ठेवल्या तर काही तास निभावतं. डॉक्टर हृदय, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांचे तुकडे घेऊन १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. द्रव तुकड्यांच्या साधारण दसपट हवा, तुकडे पातळ हवेत. विषबाधेची शंका असेल तर पोटातल्या अन्नाचे आणि यकृताचे वेगळे नमुने फॉर्मेलिन न घालता लागतात, हे आधी बोलून ठेवा. एकदा सगळं फॉर्मेलिनमध्ये गेलं की रासायनिक तपासणीचा मार्ग जवळपास बंदच.

शवविच्छेदन करणाऱ्यांना एक विनंती आवर्जून करा : सुई टोचल्याची जागा आणि टाक्यांची जागा अहवालात नोंदवा. फोटोही काढा, आधी पूर्ण जनावर, मग जवळून. गाय-म्हैस असेल तर कानातला बारा अंकी बिल्ला फोटोत वाचता आला पाहिजे. विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. बिल्ला काढून ठेवू नका, कारण त्याशिवाय विम्याचा दावा अडतो आणि "हेच ते जनावर कशावरून" हा प्रश्न आयोगातही येतो.

तिसरी पायरी : त्याच रात्री लिहून काढा

वही घ्या आणि घड्याळाप्रमाणे लिहा. किती वाजता फोन केला, डॉक्टर किती वाजता आला, काय म्हणाला, कोणती बाटली लावली, त्यानंतर किती वेळाने काय झालं. गोठ्यात कोण कोण होतं, त्यांची नावं. माणूस महिन्याभरात गोष्ट नकळत बदलून सांगायला लागतो, आणि उलटतपासणीत तेवढंच पुरतं. फोनवरचे कॉल, व्हॉट्सॲपवरचे संदेश, दवाखान्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण यांतलं जे तुमच्याकडे आहे ते पुसू नका. ते दुसऱ्या कुणाला पाठवून ठेवा आणि मूळ फोन सांभाळा. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र (ही नोंद कोणत्या फोन किंवा यंत्रातून आली हे सांगणारं) जोडलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला लेखी अर्ज द्या : केसपेपर, भूल दिल्याची नोंद, संमतिपत्राची प्रत, तपासण्यांचे अहवाल, बिलं. पोच घ्या. देत नसतील तर ती टाळाटाळही आयोगापुढे मांडता येते. सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बाह्यरुग्ण नोंदवहीतली त्या दिवसाची नोंद मिळते.

संमतिपत्रावर सही केली आहे म्हणून खचू नका. संमती ही शस्त्रक्रियेतल्या नेहमीच्या धोक्यांना असते, हलगर्जीपणाला नसते. उलट दुसऱ्या एका कागदापासून सावध राहा. "बिल माफ करतो, फक्त आमची काही तक्रार नाही एवढं लिहून द्या" असं म्हणतात, आणि त्या दिवशी माणूस सही करून मोकळा होतो. करू नका.

चौथी पायरी : उपचार करणारा कोण होता ते शोधा

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरानेच करायचा. पदविका घेतलेल्यांना राज्य सरकारच्या आदेशाने किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. खेडोपाडी अनेकदा असाच माणूस सगळं करतो, आणि अडीअडचणीला तोच धावून येतो हेही खरं. पण त्याने शस्त्रक्रिया केली किंवा शिरेतून औषध सोडलं आणि वर देखरेख करणारा डॉक्टर नव्हताच, तर तुमची बाजू भक्कम होते. चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक बघा आणि राज्य पशुवैद्यक परिषदेकडे लेखी विचारा.

परिषदेकडे तक्रारही करता येते. चौकशी होऊन समज देण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. पैसे मात्र परिषद देववत नाही. तरीही मी दोन्हीकडे जायला सांगतो, कारण चौकशीत डॉक्टरने दिलेलं उत्तर पुढे आयोगात दाखवता येतं.

पोलिसांकडे जायचं का, असं हमखास विचारतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावराला मारणं किंवा निकामी करणं हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, पण त्यासाठी हेतू किंवा जाणीव लागते. हलगर्जीपणा त्यात सहसा बसत नाही. नोंदणी नसताना डॉक्टर म्हणून मिरवणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे पोलीस तक्रार जरूर करा.

पाचवी पायरी : तुम्ही ग्राहक आहात का?

दोन ठिकाणी प्रकरण अडकतं.

पहिलं म्हणजे मोफत सेवा. संपूर्ण मोफत सेवा कायद्याच्या बाहेर आहे, आणि नुसतं नाममात्र नोंदणीशुल्क घेतलं म्हणून ती पैशाची सेवा होत नाही, असं १९९५ च्या त्याच निकालात म्हटलं आहे. म्हणून सरकारी दवाखान्यात उपचाराचं सेवाशुल्क घेतलं असेल तर ती पावती जपा. सरकारी डॉक्टर घरी आला आणि वेगळी फी घेतली, तर ती फी दिल्याचा पुरावा हवा. ऑनलाइन दिली असेल तर चांगलंच. सेवा खरोखर मोफत होती तर दिवाणी न्यायालय उरतं. शासनाविरुद्ध दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस लागते आणि तिथे वकिलाशिवाय निभत नाही.

दुसरं म्हणजे "व्यापारी हेतू". गाय दुधासाठी पाळली, म्हणजे तुम्ही व्यावसायिक, ग्राहक नव्हेच, असा बचाव समोरून नक्की येणार. ग्राहक कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात याचं उत्तर आहे : स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी केलेला वापर व्यापारी धरला जात नाही. म्हणून तक्रारीच्या पहिल्या पानावरच लिहा की जनावरं किती, त्यांचं कोण करतं, घर कशावर चालतं. चार गाई आणि घरचीच दोन माणसं राबणारी, हे चित्र स्पष्ट दिसू द्या. पन्नास गाई आणि पगारी नोकर असतील तर मात्र हा मार्ग अवघड आहे.

सहावी पायरी : किती मागायचं

वाट्टेल तो आकडा टाकू नका. दहा लाख मागितले आणि कागद चाळीस हजारांचे, तर आयोगाचा विश्वास उडतो.

दुभत्या जनावराची किंमत ठरते जात, वेत आणि दूध यांवरून. खरेदीची पावती, विम्याच्या वेळी केलेलं मूल्यांकन, आणि डेअरीच्या संकलन केंद्रावरच्या स्लिपा. शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा सर्वात बोलक्या, कारण सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट आणि दर त्यात छापलेले असतात. गेलेल्या दुधाचं नुकसान उरलेल्या वेतापुरतंच मागा (वेत, म्हणजे एकदा व्याल्यानंतरचा दूध देण्याचा काळ, साधारण ३०५ दिवसांचं धरतात) आणि त्यातून चारा-पेंडेचा वाचलेला खर्च स्वतःच वजा करून दाखवा. गाभण असेल तर तेही लिहा, पुराव्यासह. विम्याचे पैसे मिळाले असतील तर लपवू नका.

पाळीव कुत्र्या-मांजराच्या बाबतीत बाजारभाव हा खरा प्रश्नच नसतो. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाला बाजारात किंमत नाही, म्हणून नुकसान झालं नाही, असं थोडंच आहे? तिथे तीन गोष्टी मागा. चुकीच्या उपचाराचे दिलेले पैसे परत, चूक निस्तरायला झालेला पुढचा सगळा खर्च, आणि मानसिक त्रासाची भरपाई. या शेवटच्या मागणीसाठी त्या जनावराशी तुमचं नातं काय होतं ते साध्या शब्दांत लिहा. किती वर्षं घरात होतं, कुणाच्या पायाशी झोपायचं, एकट्या राहणाऱ्या आजोबांना त्याचा किती आधार होता. खोटं काही घालू नका. खरं लिहिलेलं वाचणाऱ्याला जाणवतं. या सगळ्यावर व्याज आणि तक्रारीचा खर्चही मागता येतो.

सातवी पायरी : नोटीस आणि तक्रार

नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण पाठवा. एक पान पुरे : काय झालं, काय चुकलं, किती रक्कम, पंधरा दिवसांची मुदत. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. पुष्कळदा याच टप्प्यावर समोरचा बोलायला तयार होतो. तडजोड झाली तर लेखी करा आणि पैसे खात्यावरच घ्या.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यामुळे जनावरांच्या उपचारांची प्रकरणं तिथेच येतात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. नव्या कायद्याची मोठी सोय म्हणजे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, दवाखान्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे, आणि सुरुवातीला काही विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मुदत दोन वर्षांची, घटना घडल्यापासून. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

तक्रारीत डॉक्टर आणि दवाखान्याचा मालक दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा. मजकूर तारखेनुसार, परिच्छेदांना क्रमांक, प्रत्येक विधानापुढे कोणता कागद ते. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी. ज्याने नंतर उपचार केले किंवा शवविच्छेदन केलं त्या डॉक्टरचं शपथपत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध सहसा लिहून देत नाही, म्हणून दूरच्या किंवा निवृत्त प्राध्यापकांना विचारा. तेही जमलं नाही तर आयोगाला अर्ज करा की तज्ज्ञाचं मत तुम्हीच मागवा.

वकील लागतोच असं नाही. स्वतः उभं राहता येतं, आणि साध्या प्रकरणात लोक राहतातही.

पुढे काय होतं

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. आयोग मध्यस्थीही सुचवू शकतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्या तयारीने जा. प्रत्येक तारखेला हजर राहा.

समोरून एक बचाव जवळजवळ ठरलेला असतो : "मालकाचीच चूक." शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवा सांगितलं होतं, ठेवलं नाही. गोळ्यांचा कोर्स पुरा केला नाही. बोलावलं तेव्हा आणलं नाही. यातलं काही खरं असेल तर आधीच कबूल करा आणि त्याने परिणामात किती फरक पडला ते सांगा. लपवलेली चूक समोरच्याने उघड केली की बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं.

निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. समोरच्याने अपील केलं तर त्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. निकाल तुमच्या बाजूने लागूनही पैसे देत नसेल तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हा अर्ज पडल्यावर बऱ्याचदा पैसे येतात. निकालाची प्रमाणित प्रत हातात आली की त्यावरची तारीख आधी बघून ठेवा, अपिलाचे आणि अंमलबजावणीचे दिवस तिच्यावरूनच मोजायचे असतात.